नट नावाचा लमाण

डॉ. श्रीराम लागू यांनी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राला 'लमाण' हे नाव दिले. पुण्या-मुंबईच्या एखाद्या वाचकाला या शब्दासाठी कदाचित कोश उघडावा लागला असेल. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात ती वेळ कोणावर येणार नाही. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूरच्या बाजूला निघालो की तांड्यामागून तांडे लागतात. रेल्वे आणि पक्क्या सडका येण्यापूर्वी या मंडळींचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्याच्या गोण्या लादून साऱ्या दख्खनभर हिंडत. मोगलांच्या फौजांना रसद पुरवली तीसुद्धा त्यांच्याच बैलांनी. मीठ पिकवणारा समुद्रकाठच्या आगरात आणि ते खाणारा आपल्या पैनगंगेच्या काठी. दोघांनी एकमेकांचे तोंड जन्मात पाहिले नाही. मधली वाट तुडवणारा तो लमाण. नटही असाच, इकडचा माल तिकडे नेऊन पोचवणारा, अशी त्या शीर्षकामागची कल्पना आहे.

डॉ. लागू हे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक. आफ्रिकेत काही वर्षे वैद्यकी करून परतल्यावर १९६९ च्या सुमारास त्यांनी चालता व्यवसाय बाजूला ठेवला आणि पूर्ण वेळ नाटक पत्करले. १९७० च्या डिसेंबरात 'नटसम्राट' आले आणि गणपतराव बेलवलकर म्हणजे डॉ. लागू असे समीकरण होऊन बसले. एवढ्या मानाच्या नटाने स्वतःला सम्राट न म्हणवता लमाण म्हणवावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तीत नटाचा विनय तर आहेच, पण त्याहून अधिक म्हणजे हिशेब आहे. माल कोणाचा, आणि वाहिला कोणी, याचा चोख हिशेब.

नट नाटककाराची स्तुती नेहमीच करतात. सत्काराच्या हारतुऱ्यांत, शतकमहोत्सवी प्रयोगाच्या मध्यंतरात चार चांगले शब्द बोलले जातात आणि ते विसरलेही जातात. परंतु एखाद्या नटाचे नाटककारावरील प्रेम खरे किती, हे मोजायचे माप वेगळे आहे. त्याने त्या नाटककाराचे ओझे किती कोस वाहिले? आपल्या नावाच्या बळावर ते शब्द कोणत्या नव्या दारापर्यंत नेले? आणि नेताना मालात भेसळ तर केली नाही ना? या मापाने पाहू गेल्यास आपल्या काळातला सर्वांत ठळक दाखला अमेरिकेत सापडतो: नाटककार ऑगस्ट विल्सन आणि नट डेन्झेल वॉशिंग्टन. मावल्यात बसून मी ही दूरची कथा का सांगतो आहे, ते पुढे ओघाने येईलच.

*

पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर आहे. तिथल्या एका टेकडीवरची वस्ती 'हिल डिस्ट्रिक्ट' म्हणून ओळखली जाते. दक्षिणेकडच्या राज्यांतला छळ आणि दारिद्र्य सोडून उत्तरेला आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे तिथे वसली. या वस्तीत २७ एप्रिल १९४५ रोजी एक मुलगा जन्मला. नाव फ्रेडरिक ऑगस्ट किटल. वडील जर्मन वंशाचे, बेकरीत काम करणारे, घरात नसल्यातच जमा. आई डेझी विल्सन ही कृष्णवर्णीय, लोकांच्या घरची झाडलोट करून मुले वाढवणारी. पुढे या मुलाने बापाचे आडनाव टाकून आईचे लावले आणि तो ऑगस्ट विल्सन झाला. आपली बाजू कोणती, हे त्याने असे नावातच ठरवून टाकले.

पंधराव्या वर्षी शाळेत त्याने नेपोलियनवर वीस पानांचा निबंध लिहिला. एवढा चांगला निबंध या मुलाने स्वतः लिहिला असेल यावर शिक्षकाचा विश्वास बसेना. मुलगा शाळेतून बाहेर पडला तो पुन्हा गेला नाही. आईला कळू नये म्हणून तो रोज सकाळी घरून निघे आणि कार्नेगी ग्रंथालयात जाऊन बसे. त्याचे उरलेले सारे शिक्षण त्या ग्रंथालयात झाले. पुढे विल्सन नामवंत झाल्यावर त्याच ग्रंथालयाने त्यांना शालान्त शिक्षणाचे प्रमाणपत्र दिले. ग्रंथालयाने असे प्रमाणपत्र देण्याचा प्रकार आपण तरी दुसरा ऐकलेला नाही.

१९६५ साली विसाव्या वर्षी त्यांनी वीस डॉलरचे एक जुने टंकलेखन यंत्र विकत घेतले आणि आपण कवी होणार असे ठरवले. हॉटेलात भांडी घासावी, मिळेल ती मजुरी करावी, आणि उरलेल्या वेळात हिलवरच्या खानावळीत, सिगारेटच्या दुकानात बसून म्हाताऱ्यांच्या गप्पा ऐकाव्यात, हा त्यांचा क्रम. पण एक मोठी अडचण होती. ती नीट समजून घ्यावी अशी वाचकांना माझी विनंती आहे, कारण ती आपलीही अडचण आहे. कानावर पडणारी ती बोली कागदावर उतरवायला त्यांना संकोच वाटे. ती बोली साहित्याच्या योग्यतेची नाही, तिला जरा उंच करून, पुस्तकी करून लिहिले पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे सुरुवातीच्या नाटकांतली त्यांची माणसे कोणाच्याच घरात बोलत नाहीत असे बोलत. पात्रांना बोलते कसे करावे, असे त्यांनी रॉब पेनी या आपल्या लेखकमित्राला विचारले. मित्राचे उत्तर साधे होते: पात्रांना बोलते करायचे नसते, त्यांचे ऐकायचे असते.

हे उत्तर अंगी मुरायला बरीच वर्षे लागली. १९७८ साली विल्सन पिट्सबर्ग सोडून दूर उत्तरेला, मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल या शहरी राहायला गेले. तिथे आजूबाजूला बहुतेक सगळे गोरे. हिलची बोली कानावर पडेनाशी झाली आणि नेमक्या तेव्हाच ती त्यांच्या मनात स्पष्ट ऐकू येऊ लागली. सासरी गेलेल्या लेकीला माहेरच्या ओव्या जशा जास्त आठवतात, तसेच काहीसे हे झाले. १९७९ मध्ये त्यांनी 'जिटनी' लिहिले. जिटनी म्हणजे बिनपरवान्याची भाड्याची मोटार. अधिकृत टॅक्सीवाले काळ्यांच्या वस्तीत यायला तयार नसत, म्हणून वस्तीतल्याच लोकांनी आपल्या मोटारी भाड्याने चालवायला काढल्या. आपल्याकडे हमरस्त्यावर माणसे कोंबून धावणाऱ्या ऑटोवाल्यांच्या अड्ड्यावर जी बोलाचाली, थट्टामस्करी, भांडणे आणि उधार-उसनवारी चालते, तीच त्या नाटकात आहे. आणि तो अड्डा पाडला जाणार आहे, ही टांगती तलवारही आहे. ती काल्पनिक नव्हती. नगरसुधारणेच्या नावाखाली पन्नाशीच्या दशकात हिल डिस्ट्रिक्टचा खालचा भाग भुईसपाट करण्यात आला होता. सुमारे ८,००० माणसे उठवली गेली आणि त्या जागी १९६१ मध्ये एक प्रचंड क्रीडागृह उभे राहिले. विल्सन यांनी जी भाषा जपली ती अशा मोडून टाकलेल्या वस्तीची होती.

*

यानंतरचा इतिहास झपाट्याचा आहे. लॉइड रिचर्ड्स नावाचे कृष्णवर्णीय दिग्दर्शक येल विद्यापीठाच्या नाट्यसंस्थेचे प्रमुख होते. लॉरेन हॅन्सबेरी या तरुण लेखिकेचे 'अ रेझिन इन द सन' हे नाटक १९५९ साली ब्रॉडवेवर आणणारे ते हेच. त्यांनी विल्सन यांना हात दिला. 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' हे नाटक १९८४ साली आधी येलला आणि मग ब्रॉडवेवर झाले. १९८७ मध्ये 'फेन्सेस' आले आणि त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९९० मध्ये 'द पियानो लेसन'ला तेच पारितोषिक दुसऱ्यांदा. विसाव्या शतकातील प्रत्येक दशकावर एक याप्रमाणे दहा नाटके लिहायची, असा संकल्प त्यांच्या मनात हळूहळू आकाराला आला. १९०४ साली घडणाऱ्या 'जेम ऑफ द ओशन'पासून १९९७ मध्ये घडणाऱ्या 'रेडिओ गोल्फ'पर्यंत ही दहा नाटके पुरी झाली. दहापैकी नऊ नाटके त्या एका हिल डिस्ट्रिक्टमध्ये घडतात. शेवटचे नाटक २००५ मध्ये रंगभूमीवर आले आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला यकृताच्या कर्करोगाने विल्सन यांचे निधन झाले. वय अवघे साठ. दोन आठवड्यांनी ब्रॉडवेवरील एका नाट्यगृहाला त्यांचे नाव देण्यात आले.

या नाटकांनी नट कसे घडवले याचे एक उदाहरण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. बाल्टिमोरचा चार्ल्स डटन हा तरुण रस्त्यावरच्या मारामारीत हातून मनुष्यवध घडल्याने तुरुंगात गेला. तिथे एकांतकोठडीची शिक्षा झाली असता त्याच्या हाती कृष्णवर्णीय नाटककारांच्या नाटकांचा एक संग्रह लागला. त्यातले डग्लस टर्नर वॉर्ड यांचे एक नाटक त्याने वाचले आणि कोठडीतून सुटल्यावर तुरुंगातच कैद्यांना घेऊन त्याचा प्रयोग केला. तुरुंगातून बाहेर पडून तो शिकला, येलला पोचला आणि १९८४ साली 'मा रेनी'मधला तडफदार, जखमी मनाचा तुतारीवादक लेव्ही त्याने उभा केला. 'पियानो लेसन'मधले बॉय विली हे पात्र तर विल्सन यांनी डटनच डोळ्यांपुढे ठेवून लिहिले. नाटककाराने नटासाठी काय करावे, याची यापेक्षा मोठी साक्ष कोणती असणार?

*

आता डेन्झेल वॉशिंग्टन. १९५४ चा जन्म, दोन ऑस्कर पदरी असलेला, जगभर ओळखला जाणारा चित्रपटनट. 'फेन्सेस'ची पटकथा २००९ च्या सुमारास एका निर्मात्याने त्यांच्या हाती दिली. ती खुद्द विल्सन यांनीच लिहून ठेवलेली होती. हा चित्रपट आधीच व्हायचा होता; 'फेन्सेस' गाजताच एका मोठ्या चित्रसंस्थेने हक्क घेतले होते. परंतु विल्सन अडून बसले. दिग्दर्शक कृष्णवर्णीयच हवा, असा त्यांचा आग्रह. त्यांचे म्हणणे असे की, हा प्रश्न कातडीच्या रंगापुरता नसून संस्कृतीच्या समजेचा आहे; जो त्या घरात वाढला त्यालाच त्या घरातले न बोललेले कळते. या आग्रहापायी चित्रपट रखडला आणि विल्सन गेले तरी झाला नाही.

पटकथा हातात आल्यावर वॉशिंग्टन यांनी जे केले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. लगेच चित्रपट काढावा तर पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही तयार होती. त्यांनी सांगितले, आधी मला हे रंगमंचावर करू द्या. २०१० साली ब्रॉडवेवर 'फेन्सेस'चे शंभरावर प्रयोग झाले. त्यातला नायक ट्रॉय मॅक्सन त्रेपन्न वर्षांचा आणि वॉशिंग्टन तेव्हा पंचावन्नचे. त्यांच्यासोबत पत्नी रोझच्या भूमिकेत व्हायोला डेव्हिस. दोघांनाही त्या वर्षीचे टोनी पारितोषिक मिळाले. ट्रॉयची भूमिका १९८७ मध्ये जेम्स अर्ल जोन्स यांनी गाजवलेली. ते मोठे जोखड मानेवर घेऊन हे काम करायचे होते.

ज्यांनी हे नाटक पाहिले-वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. साल १९५७. ट्रॉय पिट्सबर्गमध्ये कचरा उचलणारा कामगार आहे. तरुणपणी बेसबॉलचा नामी खेळाडू. पण मोठ्या संघांत काळ्यांना मज्जाव होता तोवर त्याची उमेद सरली आणि दारे उघडली तेव्हा वय निघून गेले. कचऱ्याच्या गाडीवर काळ्यांनी कचरा उचलायचा आणि गोऱ्यांनी गाडी चालवायची, ही रीत का, असा प्रश्न तो वरिष्ठांना विचारतो आणि स्वतः गाडीवान होतो. हाच मनुष्य घरात मात्र मुलाची खेळासाठी मिळणारी शिष्यवृत्ती हाणून पाडतो. अन्यायाने पोळलेला बाप पोराला जपतो आहे की पोराचा हेवा करतो आहे, हे त्याचे त्यालाही उमगत नाही. रोझशीही तो प्रतारणा करतो. ती त्याच्या हातून जन्मलेले परक्या बाईचे पोर मांडीवर घेते, पण त्याला नवरा मानणे सोडते. आपल्या बेलवलकरांचे दुःख राजाच्या तोऱ्याने बोलते. ट्रॉयचे दुःख मागच्या अंगणात, पगाराच्या दिवशी, मित्राबरोबर बाटली फिरवता फिरवता बोलते. दोन्ही नाटके बापाचीच, परंतु ट्रॉयजवळ गमावण्याजोगे सिंहासन कधी नव्हतेच.

२०१६ मध्ये वॉशिंग्टन यांनी 'फेन्सेस' चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. विल्सन यांची अट त्यांच्या मागे अशी पाळली गेली. चित्रण पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमध्येच झाले. नाटकातले बहुतेक नट तेच ठेवले. पटकथेवर टोनी कुशनर या नामांकित नाटककाराने हात फिरवला होता, तरी श्रेयनामावलीत लेखक म्हणून एकट्या विल्सन यांचेच नाव राहिले आणि मृत्यूनंतर अकरा वर्षांनी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. व्हायोला डेव्हिस यांना तर ऑस्करच मिळाले. मालात भेसळ न करणे म्हणजे काय, ते यावरून कळावे.

तेवढ्यावर हा लमाण थांबला नाही. दहाही नाटके पडद्यावर आणण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. २०२० मध्ये त्यांच्या निर्मितीत 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' आला. त्यात लेव्हीची भूमिका करणारे चॅडविक बोसमन हे तरुण नट चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, ऑगस्ट २०२० मध्ये, कर्करोगाने गेले. दुखणे लपवून त्यांनी केलेले ते अखेरचे काम. २०२४ मध्ये 'द पियानो लेसन' आला. त्याचे दिग्दर्शक वॉशिंग्टन यांचे एक चिरंजीव माल्कम, आणि प्रमुख भूमिकेत दुसरे चिरंजीव जॉन डेव्हिड. बापाने उचललेल्या गोणीला मुलांनी हात लावला. पिट्सबर्गमधल्या ज्या घरात विल्सन लहानाचे मोठे झाले ते मोडकळीला आले होते. त्याच्या दुरुस्तीसाठी वॉशिंग्टन यांनी आपल्या ओळखीपाळखीच्या धनवंतांकडून लाखो डॉलर उभे केले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते घर कलाकेंद्र म्हणून उघडले तेव्हा ते जातीने हजर होते.

*

आता आपल्याकडे वळू. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य आणि आपल्याकडचे दलित साहित्य यांचा धागा जुळला तो आपल्या शेजारच्या मराठवाड्यात. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी १९५५ च्या सुमारास 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोर त्याचा प्रयोग झाला. पुढे अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखडे यांनी तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांची ओळख इथल्या तरुणांना करून दिली. १९७२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या दलित पँथरने तर नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. हेच वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. नांदेडचेच प्रा. दत्ता भगत यांनी 'वाटा-पळवाटा' या नाटकात दलित चळवळीच्या वेगवेगळ्या पिढ्यांना एका घरात आमनेसामने बसवले. किनवटमार्गे जाणाऱ्या गाडीत आदिलाबादला बसले की जे नांदेड लागते, तिथे हे सारे घडत होते.

आणि पूर्वेला, नदीपलीकडे, चंद्रपूर जिल्हा. प्रेमानंद गज्वी हे १९४७ साली त्या जिल्ह्यात जन्मले. १९७७ च्या सुमाराची त्यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका दोनच नटांची. नेपथ्य नाही, थाट नाही. तहान आणि पाणी एवढाच विषय; पण पाण्याला हात लावण्याचा हक्क ज्यांना शतकानुशतके नव्हता त्यांची ती तहान. गावोगावच्या हौशी मंडळांनी आणि महाविद्यालयीन मुलांनी तिचे हजारो प्रयोग केले. तिला एका बड्या लमाणाची वाट पाहावी लागली नाही. शेकडो छोटे लमाण तिला लाभले.

मोठा लमाण आला तो 'किरवंत'साठी. किरवंत म्हणजे अंत्यसंस्कारांचे विधी चालवणारा ब्राह्मण. ब्राह्मण असूनही इतर ब्राह्मण त्याला दूर ठेवतात. अस्पृश्यतेचा हा आतला पदर एका दलित नाटककाराने हेरला आणि वैराने नव्हे, कणवेने लिहिला. नाटक ऐंशीच्या दशकाच्या आरंभीचे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी डॉ. लागूंनी ते रंगमंचावर आणले आणि स्वतः त्यात भूमिका केली. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. नवे नाटक करण्याची त्यांना गरज नव्हती. 'नटसम्राट'च्या पुण्याईवर उरलेले आयुष्य सहज गेले असते. परंतु ज्यांनी गज्वींचे नाव ऐकले नव्हते असे प्रेक्षक लागूंचे नाव वाचून तिकीट काढणार होते आणि आत शिरल्यावर त्यांना गज्वींचे म्हणणे ऐकावे लागणार होते. नावाचा असा उपयोग करणे हे डॉ. लागूंच्या स्वभावातच होते. पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभारताना निळू फुले आणि इतर नटांना घेऊन त्यांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव केले. गज्वी २०१९ साली नागपूरच्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात डॉ. लागू गेले.

तरीही दोन्हीकडचा फरक सांगितला पाहिजे. वॉशिंग्टन यांनी एका नाटककाराची दहाच्या दहा नाटके उचलली. मराठीत एखाद्या दलित नाटककाराची सगळी नाटके पडद्यावर नेण्याचा विडा कोणा मोठ्या नटाने उचलल्याचे आपण ऐकलेले नाही. कर्तबगार नटांची आपल्याकडे वाण नाही. एक नाटक करून पुढे जाणे निराळे आणि एका माणसाच्या साऱ्या लेखनाला आयुष्याची दहा-पंधरा वर्षे देणे निराळे. गज्वी, भगत यांची नाटके आजही पुस्तकांत आहेत. गोण्या भरलेल्या आहेत.

*

आता मावल्याकडे येतो. नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे हे माझे गाव. आदिलाबाद शहर वाढत वाढत त्याला येऊन भिडले. २०१६ च्या फेररचनेत जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि मावल्याचे स्वतंत्र मंडल. त्याआधी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यातून निघून तिकडे गेले आणि आपण पैनगंगेच्या अलीकडे राहिलो. कचेरीची भाषा एके काळी उर्दू होती, मग तेलुगू झाली. घरात मराठी टिकली, पण कशी? आजी 'कापूस' म्हणते, अडतीवर बाप 'पत्ती' म्हणतो आणि नातू 'कॉटन' म्हणतो. एकाच गाडीतला एकच माल, तीन तोंडी तीन नावे. या बोलण्याला कोणी वऱ्हाडी म्हणते, कोणी खिचडी म्हणते. पलीकडे सोयरिकीला गेलो की पाहुणे गालात हसतात, आणि आपली पोरे हळूहळू गप्प बसायला शिकतात.

तरुणपणी आम्ही गणेशोत्सवात नाटके बसवत असू. पुस्तके नागपूरहून आणायची. त्यातली माणसे दिवाणखान्यात बसून चहाचे पेले किणकिणवत शुद्ध मराठीत बोलायची. आमच्यातल्या कोणाच्याच घरी दिवाणखाना नव्हता. एकदा नोकराचे काम करणारा पोरगा भर रंगात वाक्य विसरला आणि त्याने अडतीवरच्या हमालासारखे, अर्ध्या मराठीत अर्ध्या तेलुगूत, जे तोंडाला आले ते बोलून वेळ मारून नेली. मंडपात जो हशा आणि ज्या टाळ्या पिकल्या, तशा त्या रात्री नायकालाही मिळाल्या नाहीत. त्या हशात कुचेष्टा नव्हती, ओळख पटल्याचा आनंद होता. आपल्याच घरचे कोणी अचानक उजेडात उभे दिसावे, तसा.

विल्सन यांच्या आयुष्यातून मला स्वतःपुरते समजते ते हेच. आपल्या बोलीची लाज वाटत होती तोवर त्यांना नाटक साधले नाही. तिचे ऐकायला लागले आणि साधले. ती बोली ज्या वस्तीची, ती वस्ती निम्मी पाडली गेली. पण आज जगातल्या कोणत्याही शहरातला माणूस हिलवरची माणसे कशी बोलत होती ते ऐकू शकतो. आपल्याकडे काही पाडले गेलेले नाही. आपल्याकडे फक्त मराठी शाळेचे वर्ग दरसाल थोडे रिकामे होतात, एक आजी जाते आणि तिच्याबरोबर पंचवीस-तीस शब्द जातात. धूळ उडत नाही म्हणून पडझड ध्यानात येत नाही, इतकेच.

प्रेक्षक नाहीत, असे कोणी म्हणू नये. पलीकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटके चालतात आणि शेतकरी-मजूर तिकीट काढून पाहतात. त्या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आपल्याच जिल्ह्यातल्या गोंड बांधवांचे दंडारी-गुसाडी या दिवाळीच्या दिवसांत गावोगाव नाचत असते. मार्लवाईचे कनक राजू यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. गोंडांनी आपली कला दुसऱ्या कोणाच्या पुस्तकातून मागवली नाही. आम्हीच तेवढे अजून नागपूरहून नाटक आणतो.

म्हणून बेला, जैनद, तलमडुगू, आदिलाबाद इथल्या मंडळांना आणि घरोघरच्या लिहित्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे. मोठा नट कधी येईल याची काळजी आपण आज करण्याचे कारण नाही. डॉ. लागू असोत की डेन्झेल वॉशिंग्टन, त्यांच्या पाठीवर गोणी आली ती आधी कोणीतरी भरून, तोंड शिवून ठेवली होती म्हणून. येत्या वर्षी एक एकांकिका, अर्ध्या तासाची का होईना, आपल्या अडतीवर, आपल्या बसथांब्यावर, आपल्या ओसरीवर घडणारी लिहावी. आजी जसे बोलते तसे तिला बोलू द्यावे. तेलुगू शब्द येईल तिथे येऊ द्यावा, कारण तो आपल्या तोंडी आहे. आणि लिहिण्यापूर्वी महिनाभर काही न लिहिता, नुसते ऐकावे.